चलान चुकीचं असेल तर का भरायचं?

"पाच हजारासाठी कोर्टाची पायरी कोण चढतंय? भरून मोकळा हो!" गेले काही महिने भेटेल तो हेच सांगतोय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

लालबागला आमचा मसाल्याचा छोटा धंदा आहे. माल पोचवायला एक छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो. चालवणारा पोरगा आमच्याच भावकीतला, लायसन्स पक्कं, मुदतीतलं, त्यावर एलएमव्ही, म्हणजे हलकी गाडी चालवायची नोंद. एका नाक्यावर तपासणी पथकाने त्याला बाजूला घेतलं. पीयूसी, विमा, फिटनेस, सगळं चोख. मग साहेबांनी लायसन्स उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पिवळी नंबर प्लेट आहे ना? मग यावर ट्रान्सपोर्ट कुठंय?" म्हणजे धंद्याची गाडी चालवायची वेगळी नोंद. झालं. मोटार वाहन कायद्यात, योग्य लायसन्स नसताना गाडी चालवली म्हणून कलम १८१ खाली त्याला ५,००० रुपये दंड आणि लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली म्हणून कलम १८० खाली मला ५,०००.

आता गंमत ऐका. हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने कधीच निकालात काढलाय. २०१७ साली मुकुंद देवांगन खटल्यात, आणि त्यावर शंका काढल्या गेल्या म्हणून पुन्हा ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, एकमताने. गाडीचं मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही लायसन्सवर मालवाहू गाडी चालवता येते, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. आमच्या गाडीचं आरसीवरचं वजन दोन टनसुद्धा भरत नाही. (रिक्षा-टॅक्सीचा बॅज वेगळा, स्फोटक-ज्वलनशील मालाचे नियम वेगळे. ते यात आणू नका.) घटनापीठापुढे विमा कंपन्या भांडत होत्या, त्यांना अपघाताचे क्लेम नाकारायचे होते. असे ड्रायव्हर जास्त अपघात करतात याची आकडेवारी कुणी आणली का, तर नाही, हेही निकालात लिहिलंय.

साहेबांना हे नाक्यावरच सांगितलं. उत्तर आलं, "ते कोर्टात सांगा." ठीक आहे, कोर्टात सांगतो.

तिथला प्रकार बघण्यासारखा असतो. पुकारा होतो, माणूस पुढे जातो, "गुन्हा कबूल आहे?", "हो साहेब", दंड, पावती, पुढचा. एकेक जण मिनिटाभरात बाहेर. आमचा पोरगा "नाही" म्हणाला तेव्हा टेबलावरच्या बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. मग तारीख. पुढच्या वेळी चलान करणारे साहेब बंदोबस्तावर, म्हणून परत तारीख.

माझा राग इथे आहे. कबूल असेल तर मोबाइलवर दोन मिनिटांत पैसे भरता येतात. व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे चलानांच्या ऑनलाइन कोर्टातही कबूल म्हणा, घरबसल्या सुटा. नाकबूल म्हटलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं आणि तुम्ही लागता तारखांच्या मागे. माझा माणूस पगारी आहे, मला परवडतं. पण स्वतःच्या टेम्पोवर पोट असलेल्याचं प्रत्येक तारखेला दिवसाचं भाडं बुडतं. दोन-तीन तारखांत दंडाएवढी रक्कम गेली, मग निकाल बाजूने लागून त्याला काय मिळालं?

लोकअदालतीचा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला. ज्याने सिग्नल तोडलाय त्याने जरूर जावं. तिथे तडजोड होते, दोघांच्या संमतीने, आणि त्यावर अपील नसतं. पण मी गुन्हाच केला नसेल तर तडजोड कशाची करू?

आणि हो, मी सगळ्या चलानांच्या विरोधात नाही. परळच्या पुलाखालून उलट्या दिशेने स्कूटर घालणाऱ्यांनी इथे कमेंटमध्ये गळे काढू नयेत. भरा गुपचूप.

मागणी साधी आहे. नाकबूल म्हणणाऱ्याला उत्तर आणि कागद ऑनलाइन द्यायची सोय करा, पहिली सुनावणी व्हिडिओवर घ्या. आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या हातात त्या निकालाचा एक पानी मराठी सारांश द्या. अर्धी प्रकरणं तिथेच मिटतील.

आमची केस अजून चालू आहे. आरसी, लायसन्स आणि निकालाची झेरॉक्स आता गाडीतच असते. बाजारातल्या टेम्पोवाल्यांनीही तिच्या प्रती काढून नेल्यात. कुणाला हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पीडीएफ पाठवतो.