नाक टोचलंय, आता झोपायचं कसं?

रात्रीचे तीन. मी पालथी, तोंड उशीत. पाणी प्यायला मान उचलली तर उशीही बरोबर वर आली. अभ्र्याचा एक सुटलेला दोरा चमकीच्या खड्याखाली जाऊन घट्ट बसला होता. "हलू नकोस गं, अजिबात हलू नकोस," असं पुटपुटत नवरा मोबाईलचा टॉर्च दातात धरून नखांची कात्री शोधत होता. दोरा कापेपर्यंत दोनेक मिनिटं गेली असतील, पण तेवढ्यात मी आयुष्यभराच्या चुका आठवून घेतल्या. नाक टोचून तेव्हा अकरा दिवस झाले होते.

टोचताना फार दुखलं नाही हो. डोळ्यांतून पाणी आलं, एक शिंक आली, संपलं. खरा त्रास सगळा रात्रीचा. आणि मला हातात दिलेला सूचनांचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. काय लावा, काय लावू नका, पोहायला जाऊ नका, मेकअप लांब ठेवा. झोपेबद्दल एकच ओळ: 'त्या कुशीवर झोपू नये.'

या एका ओळीवर माझा राग आहे. जागेपणी मी ती अगदी काटेकोर पाळते. झोपेत कोण पाळणार? रात्रभरात आपण कितीतरी वेळा कूस बदलतो आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. झोपलेल्या माणसाला काही सांगता येत नाही, त्याला चूक करताच येऊ नये अशी गादीवर मांडामांड करावी लागते. ती कशी करायची हे कागदावर कुठेच नव्हतं.

सगळे म्हणतात, उताणं झोप. ज्यांना जमतं त्यांनी जरूर झोपावं. पहिले तीन-चार दिवस डोक्याखाली आणखी एक उशी घेतली तर सूजही कमी राहते. मी चार रात्री प्रयत्न केला, दोन्ही बाजूंना उशांचं कुंपण घालून. मान आखडली, झोप झाली नाही आणि मी घोरते अशी तक्रार आली, ती वेगळीच. पाचव्या रात्री नाद सोडला आणि उजव्या कुशीवर वळले (टोचलंय डावं). छातीशी एक जाड लोड घट्ट धरला. पालथं पडायला गेलं की तो मध्ये येतो. एवढ्या एका लोडाने माझं निम्मं काम झालं.

यात एक फायदा नंतर लक्षात आला. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते आणि वरची मोकळी होते. सर्दीत आपण सगळेच हे अनुभवतो, फक्त कधी नीट लक्ष देत नाही. म्हणजे टोचलेली बाजू वर ठेवली की तिच्यावर उशीचा दाब नाही, आणि आतून ती चोंदतही नाही. प्रवासात मानेला लावतात ती गोल उशीही आणून पाहिली. गाल कड्यावर टेकवायचा आणि नाक मधल्या पोकळीत. कान टोचलेल्यांना ती वरदान आहे म्हणतात. नाकाच्या बाबतीत माझं मत: दुपारच्या डुलकीला ठीक, रात्रभर नाही.

अभ्र्याचा प्रश्न मात्र फुकटात सुटला. जुना, धुतलेला, गुळगुळीत सुती टी-शर्ट उशीला घालायचा. एक रात्र पुढची बाजू, दुसऱ्या रात्री मागची, मग उलटा करून आणखी दोन. चार रात्री स्वच्छ कापड, दोरे नाहीत. साटीनचा अभ्रा असेल तर उत्तमच. लेस, भरतकाम आणि टर्किश टॉवेल यांच्याशी मात्र काही महिने वैर धरा. टॉवेलच्या त्या बारीक फासांमध्ये चमकी अशी अडकते की ब्रह्मांड आठवतं. मी अजूनही तोंड टिश्यूनेच टिपते.

आता मुख्य गोष्ट. सहाव्या आठवड्यात भोकाच्या कडेला लालसर पुटकुळी आली. मी रात्रभर मोबाईलवर केलॉइडचे, म्हणजे जखमेच्या व्रणावर वाढत जाणाऱ्या गाठीचे, फोटो बघत बसले. (हे करू नका.) सकाळी टोचणाऱ्याकडे गेले. त्याने मला मान मागे करायला लावली, खालून एकदा पाहिलं आणि विचारलं, "डाव्या कुशीवर झोपता का ताई?" मी चाट पडले. लोड गळून पडला की पहाटे मी डावीकडे वळतच होते. चमकीची दांडी एका बाजूला कलली होती, तिच्यावरून त्याला कळलं.

मग त्याने जे सांगितलं ते पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. नवीन टोचताना दांडी मुद्दाम लांब ठेवतात, सुजेला जागा हवी म्हणून. काही आठवड्यांत सूज उतरते आणि जास्तीची लांबी तशीच राहते. रात्री उशी बाहेरून दाबते, दांडी तरफेसारखी भोकात हलते आणि ताजी कातडी घासली जाते. त्यातूनच माझी पुटकुळी. खरा केलॉइड हळूहळू वाढतो आणि जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो. माझी वाकड्या तारेची चमकी त्याने काढली आणि आत सपाट चकती असलेली, बेताच्या लांबीची टायटॅनियमची बसवली. तीन आठवड्यांत पुटकुळी गेली. त्या रात्रीपासून नाकात काही आहे हेच विसरायला झालं. मी इतके दिवस उशीला दोष देत होते!

म्हणून टोचायला जाल तेव्हा आधी हेच विचारा, की दांडी आखूड करायला परत कधी यायचं. समोरच्याला उत्तर सुचत नसेल तर सरळ उठा. टोचायला बंदूक काढली तरीही उठा.

आणि घाई नको. नाकपुडीतल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे भरून यायला साधारण 4 ते 6 महिने, कधी वर्षही लागतं. महिन्याभरात बाहेरून सगळं छान दिसतं, आत जखम ओलीच असते. म्हणूनच 'रात्री काढून ठेव, सकाळी घाल' हा सल्ला कानाआड करा. नवीन भोक काही तासांत आखडतं. झोपेत निसटलीच तर स्वच्छ धुऊन लगेच घाला, जात नसेल तर दाबादाबी न करता टोचणाऱ्याकडे जा. कुणी म्हणतं वरून चिकटपट्टी लाव. मी एक रात्र लावली. सकाळी पट्टीबरोबर चमकीही निघायला आली.

झोपण्यापूर्वी 0.9 टक्क्यांच्या निर्जंतुक सलाइनचा फवारा, मऊ झालेली खपली हलकेच टिपणं, कोरडं करणं, बस. सकाळी दिसते ती पांढुरकी खपली म्हणजे वाळलेली लस, ती नखाने कुरतडायची नाही. चमकी गोल फिरवायची तर मुळीच नाही. मात्र ठणका लागला, नाक गरम झालं, लाली पसरत गेली, वास मारणारा पू आला किंवा ताप चढला तर डॉक्टर गाठा. आणि चमकी स्वतः काढू नका, भोक मिटलं तर पू आतच कोंडतो.

आता आठ महिने झाले. मी पुन्हा पालथी झोपते, तोंड उशीत खुपसून. उजवं नाकही टोचावं असं मनात येतंय. परवा नवऱ्याला म्हटलं, तर तो काही बोलला नाही. नखांची कात्री तेवढी उशाशी आणून ठेवली.