फ्रान्सच्या खेड्यात जायचंय? आधी तिथलं घड्याळ समजून घ्या

हल्ली युरोप टूरमध्ये 'फ्रेंच खेड्या'चा अर्धा दिवस असतो. बस दुपारी साडेबाराला उतरवते, अडीचला उचलते. दुकानं बंद, खिडक्यांची लाकडी दारं ओढलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग लोक सांगत येतात की गाव ओस पडलंय. अहो, गाव जेवायला बसलेलं असतं! ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या असतात.

कळकळीने सांगतो, दिवसाला तीन गावं उरकू नका. एकाच गावात चार रात्री राहा. कोरेझ जिल्ह्यातलं कोलाँज-ला-रूज घ्या. लाल वालुकाश्माची घरं. 'फ्रान्समधली सर्वात सुंदर गावं' ही संस्था 1982 मध्ये इथूनच सुरू झाली. ऑगस्टमध्ये दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण संध्याकाळी गाड्या निघून गेल्या की उतरत्या उन्हात तोच दगड पेटल्यासारखा दिसतो. हे बघायला मुक्कामच हवा.

जेवणाची ऑर्डर साधारण बारा ते दीड. पावणेदोनला पोचलात तर कॉफीवर भागवावं लागेल. बेकरी सकाळी सातच्या सुमारास उघडते, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बहुधा सुट्टी. म्हणून रविवारी सकाळीच दोन दिवसांचा पाव घ्या, आणि तो 'बगेत' (baguette, लांब बारीक पाव) नको. बगेत दुसऱ्या दिवशी काठीसारखा कडक होतो. 'पां द कांपान्य' हा जाड सालीचा गोल पाव तीन दिवस सहज टिकतो. ताजा खायला मात्र 'त्रादिस्यों', म्हणजे पारंपरिक पद्धतीचा बगेत मागा. 1993 च्या नियमाप्रमाणे त्यात बाहेरची रसायनं चालत नाहीत, गोठवलेलं पीठही नाही. मोडून बघा: आतून मळकट पिवळसर, लहानमोठी भोकं. कापसासारखा पांढराशुभ्र निघाला तर तो साधा.

गाडीशिवाय जमत नाही. बस बऱ्याच ठिकाणी शाळेच्या वेळेवर धावते. कोलाँजजवळच्या ब्रीव शहराच्या स्टेशनला उतरून गाडी घेता येते, पण लहान शहरांत भाड्याच्या गाडीचं ऑफिसही दुपारी आणि रविवारी बंद असू शकतं. लाल काठाची गावाच्या नावाची पाटी लागली की वेग ताशी 50 किमी, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो बोळातून निघालेला ट्रॅक्टर का असेना. आपली माणसं इथेच चुकतात. माणूस नसलेल्या पंपावर वीस युरोचं पेट्रोल भरायचं असलं तरी मशीन आधी शंभराच्या वर रक्कम अडवून ठेवू शकतं. फॉरेक्स कार्डात तेवढी शिल्लक नसेल तर कार्ड नाकारलं जातं.

शाकाहारी मंडळींनो, शेळीच्या चीजच्या सॅलडवर डुकराच्या मांसाचे तुकडे पडलेले असतात. 'सां लार्दों' (ते तुकडे नकोत) म्हणा. तिकडचे परतलेले बटाटेही बदकाच्या चरबीतले असतात, तेही विचारून घ्या. पण विचारण्याआधी 'बोंझूर' (नमस्कार). दुकानात शिरताना ते न म्हणता थेट प्रश्न टाकणं तिथे उद्धटपणा धरतात, आणि उत्तरही तसंच तुटक मिळतं.

घर भाड्याने घेताना चादरी-टॉवेल धरलेत का हे आधीच विचारा, बऱ्याचदा नसतात. आणि गावाबाहेरच्या घरांना सेप्टिक टँक असतो. टॉयलेट पेपरशिवाय काहीही आत टाकू नका, ओले वाइप्स तर मुळीच नाही. तुंबलं तर रविवारी प्लंबर मिळत नाही.