जड पिस्तूल आणि पुतणीचा दंड : फौजी काकांना उत्तर

काका, रामराम.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल निवडताना काय बघावं, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. काकांचं म्हणणं, "धक्का गोळी ठरवते, लोखंड नाही. फौजेत आयुष्य गेलं, मला शिकवू नका. तुमचा लेख वाचून पुतणीनं पिस्तुलाला पुढं वजनं लावून घेतली आणि आता पोरीचा हात लटपटतोय."

आधी चूक कबूल करतो. "नवख्यानं जितकं जड मिळेल तितकं घ्यावं" हे वाक्य मी लिहायला नको होतं. ते आज काढलंय. पण "लोखंडाचा संबंध नाही" हे मात्र मला पटत नाही, काका.

गोळी जेवढा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) घेऊन पुढं जाते, तेवढाच पिस्तुलाला मागं मिळतो. इथवर तुमचं बरोबर. पण तालमीत तोच हिसडा पंचावन्न किलोच्या पोराला दिला तर ते हौद्याच्या कडेला जाऊन पडतं, आणि पंच्याण्णव किलोचा पैलवान नुसता पाय सरकवतो. तुम्ही वापरलेल्या ९ मिमीचाच हिशोब करू. गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटर धरू, दारूच्या वायूंचा धक्का सोडून देऊ. ७०० ग्रॅमचं पिस्तूल सेकंदाला ४ मीटर वेगानं मागं येईल, ११०० ग्रॅमचं अडीच मीटरनं. हातात येणारी ऊर्जा पहिल्यात ५.६ ज्यूल, दुसऱ्यात साडेतीनच्या आसपास. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त कमी. संवेग तोच, पण मनगटाला कळतं ते हे. तुमचं ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं पिस्तूल ब्राउनिंगच्या घडणीचं, अख्खं पोलादी, नऊशे ग्रॅमच्या घरातलं. धक्का तुम्हाला कधी बोचला नाही, त्यात त्या पोलादाचाही वाटा आहे. (हे आकडे फक्त तुलनेसाठी. ९ मिमी सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून "कुठं मिळेल" असं कृपया कोणी विचारू नका.)

एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ९ मिमीचं एक काडतूस १२ ग्रॅमच्या आसपास असतं. सतरा राउंडचं मॅगझिन भरलं की दोनशे ग्रॅम वाढले. प्लास्टिक फ्रेमच्या हलक्या पिस्तुलात पहिल्या गोळीचं पिस्तूल आणि शेवटच्या गोळीचं पिस्तूल यांत एवढा फरक पडतो. दुकानात रिकामं पिस्तूल हातात घेऊन "मस्त हलकं आहे" म्हणणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

आता जिथं मी खरंच कमी पडलो ते. वजन किती, यावरच मी लिहीत बसलो. ते कुठं आहे, यावर अवाक्षर नाही. नळीच्या टोकाला लावलेले शंभर ग्रॅम आणि मुठीत लपलेले शंभर ग्रॅम तराजूत सारखेच, पण हातात नाहीत. टोकाचं वजन तोंड वर उसळू देत नाही, म्हणून फोरसाइट (नळीच्या टोकाची नेम धरायची माशी) लवकर जागेवर येते. तेच वजन खांद्यापासून सगळ्यात लांब असतं, म्हणून दंडाला सगळ्यात आधी जाचतं.

शिवाय धक्का फक्त वजनाचा नसतो. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराकडं परवान्याचं छोटं .३२ पिस्तूल आहे. गोळी किरकोळ, पण ते साध्या ब्लोबॅकचं. म्हणजे नळी आणि स्लाइड (वरचा मागं-पुढं सरकणारा भाग) एकमेकांत अडकत नाहीत, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळा भार. ग्रिप बिस्किटाच्या पुड्याएवढी बारीक. दहा राउंड झाले आणि अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठला होता. तेवढ्याच वजनाच्या पण रुंद मुठीच्या पिस्तुलानं तसा वळ उठला नसता, कारण धक्का अख्ख्या तळव्यावर पसरला असता. नळी हाताच्या किती वर आहे, हेही बघायचं. जितकी वर, तितकी तरफ लांब, तितकं तोंड उसळणार.

आता पुतणीचं. ती २५ मीटर खेळते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे राहीचा प्रकार. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्यात सुवर्ण घेतलं, तोच. त्यात .२२ चं काडतूस असतं. त्याची गोळी अडीच ग्रॅमच्या जरा वर. तिचा संवेग ९ मिमीच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. नियमानं पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं म्हणून तिथवर न्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे!

आणि या प्रकारात दोन टप्पे असतात, सावकाश नेमाचं प्रिसिजन आणि झटपट नेमाचं रॅपिड. रॅपिडच्या टप्प्यात टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं. दर गोळीनंतर हात खाली आणावाच लागतो. म्हणजे धक्क्यातून सावरायला तिच्याकडं सात सेकंद आहेत! पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये चार सेकंदांत पाच गोळ्या पाच टार्गेटांवर जातात, तिथं उसळी दाबायला पुढचं वजन सोन्याचं. पुतणीला ते वजन दर शॉटला उचलावं लागतं, प्रिसिजनचे तीस आणि रॅपिडचे तीस, असं साठ वेळा, शिवाय सराव शॉट वेगळे. उसळीतून तिला मिळतं थोडं आणि दंडाला मोजावं लागतं जास्त.

तुम्ही पाठवलेल्या टार्गेटच्या फोटोंत तेच दिसतंय. पहिल्या चार सिरीज (पाच-पाच गोळ्यांच्या फेऱ्या) दहा-नऊच्या आत, मग ग्रुप हळूहळू घड्याळातल्या सहाच्या बाजूला, म्हणजे खाली घसरलाय. धक्क्यानं बिघडला असता तर पहिल्या सिरीजपासून विस्कटला असता. दंड दमलाय पोरीचा.

घरी एक करून बघा. एक लिटर दुधाची पिशवी म्हणजे किलोला थोडी वर, पिस्तुलाच्याच वजनाची. ती कापडी पिशवीत घालून हात सरळ ताणून धरायला सांगा, दहा सेकंद वर, वीस सेकंद खाली. किती वेळा उचलल्यावर पिशवी हलायला लागते ते मोजा. पंचविसाव्याला हलली, तर पुढचं वजन आत्ता तिच्या कामाचं नाही. आधी सहा महिने दंड-खांदा तयार करायचा, मग पन्नास-पन्नास ग्रॅमनं चढवायचं.

रविवारी सकाळी मी कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर असतो. पुतणीला घेऊन या. वजनं काढूनच आणा, पण खिशात असू द्या. आधी वजनांशिवाय दोन सिरीज मारू, मग एकच लावून दोन, आणि टार्गेट शेजारी ठेवून बघू. तुम्हालाही हात मोकळा करायचा असेल तर क्लबचं एअर पिस्तूल आहे. त्याला धक्का जवळपास नसतोच, त्यामुळं आपलं भांडण तिथं होणार नाही.