थिबा पॅलेसच्या सावलीतून: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

म्यानमारबाबतचं भारताचं धोरण कसं घडत गेलं, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. आपण लिहिता: ‘धोरण घडत वगैरे नसतं. सरकार बदललं की दिल्ली कोलांटउडी मारते. थिबा पॅलेसच्या सावलीत बसून परराष्ट्र धोरण कळत नाही.’ पुढे कलादान प्रकल्प (म्यानमारच्या सितवे बंदरातून नदी आणि रस्त्याने मिझोरमपर्यंत माल नेण्याची भारताची योजना) आणि रोहिंग्यांबद्दलही बरंच आहे.

आधी माझी चूक. भारत-म्यानमार सीमा व्यापाराचा करार मी 1995चा लिहिला होता. करार जानेवारी 1994चा. मणिपूरमधलं मोरे आणि पलीकडचं तामू, या नाक्यावरून व्यापार सुरू झाला तो 1995 मध्ये. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘थिबा पॅलेसच्या सावलीत’ हे काय बोलणं झालं? रत्नागिरीत राहतो म्हणून मी गप्प बसायचं का? इंग्रजांनी 1885 मध्ये मंडालेहून पदच्युत करून नेलेला ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, राजा थिबा याच गावात 1916 मध्ये वारला. याच गावात जन्मलेले टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात होते. माझे आजोबा रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. 1942 मध्ये जपानी आले तेव्हा ते तामूवरून मणिपूरपर्यंत चालत आले. पायाची नखं गेली ती पुन्हा धड आली नाहीत. लहानपणी त्या पायांना खोबरेल चोळायचं काम माझं होतं. त्यांचा वखारीतला सोबती लढाईनंतर परत गेला. तिथला लष्करशहा ने विन याच्या राजवटीने दुकानं, वखारी सरकारजमा केल्यावर तो 1964 मध्ये बोटीने मद्रासला उतरला, अंगावरच्या कपड्यांनिशी. हे ऐकत मी वाढलो. आपण हा देश कुठे पाहिलात, तेही लिहायचं होतंत.

आता ‘सरकार बदललं की’ या आपल्या वाक्याकडे येतो. नेहरू आणि बर्मी पंतप्रधान ऊ नू यांचा स्नेह होता, 1951 मध्ये मैत्रीचा करार झाला. मग 1962 मध्ये तिकडे लष्कर आलं, आपली लाखो माणसं बाहेर काढली गेली. दिल्लीने बोटी पाठवून माणसं आणली, संबंध मात्र तोडले नाहीत आणि 1967 मध्ये सीमेचा करार केला. 1988 मध्ये तिकडे लष्कराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा आपण उघडपणे त्यांच्या बाजूने होतो. आकाशवाणीची बर्मी सेवा लष्करावर टीका करत होती, पळून आलेल्या विद्यार्थ्यांना आसरा मिळाला. आणि 1993-94 मध्ये त्याच लष्कराशी बोलणी सुरू झाली. 1988 मध्येही सरकार काँग्रेसचं, 1994 मध्येही काँग्रेसचं! बदललं होतं ते सीमेवर: ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ पलीकडच्या जंगलात होते आणि तिथल्या लष्कराला शस्त्रं चीन देत होता.

बरं, जुनी भूमिका टाकून तरी दिली का? नाही. 1995 मध्ये मिझोरमच्या सीमेवर दोन्ही सैन्यांची बंडखोरांविरुद्ध मोहीम चालू होती, तेव्हाच आपण तिथल्या लोकशाहीवादी नेत्या ऑंग सान स्यू ची यांना नेहरू पुरस्कार जाहीर केला आणि बर्मी सैन्याने त्या मोहिमेतून अंग काढून घेतलं. एका हाताने लष्कराशी हस्तांदोलन, दुसऱ्या हाताने त्याच्या कैदी विरोधकाचा सन्मान. याला मी घडणं म्हणतो. जुनं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं चढतं, आणि कधी दोन्ही एकमेकांना अडतात.

पुढेही तेच. तामूहून कलेवाकडे जाणारा रस्ता आपल्या सीमा रस्ते संघटनेने बांधला, 2001 मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात तो खुला झाला. माझे आजोबा ज्या वाटेने चालत आले, तिकडचाच हा रस्ता. 2004 मध्ये तिथले लष्करप्रमुख आणि सत्ताधीश जनरल थान श्वे दिल्लीला आले ते मनमोहन सिंग पंतप्रधान असताना. कलादानचा करार 2008चा, आणि त्यातल्या सितवे बंदरात कोलकात्याहून पहिलं मालवाहू जहाज लागलं ते 2023 मध्ये, मोदींच्या कारकिर्दीत. कोलांटउडी कोणती, ते दाखवून द्या.

कलादान रखडला हे लेखातच आहे. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं. रोहिंग्यांचा प्रश्न माझ्या लेखाचा विषयच नव्हता, त्यावर इथे बोलणार नाही.

मतभेद जरूर लिहीत जा. पुन्हा माझ्या गावावरून बोललात, तर ती प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.