समोरच तर दिसतंय

लेकीकडे दोहाला गेलो ते सप्टेंबरात. "बाबा, दोन महिने थांबा, हवा छान होईल," असं ती म्हणाली होती. पण तिकीट सप्टेंबरचं स्वस्त होतं. का स्वस्त होतं, ते तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर, टॅक्सीचं दार उघडलं तेव्हा कळलं. संध्याकाळचे सात वाजलेले, आणि कुणीतरी तोंडासमोर इडलीपात्राचं झाकण काढावं तशी हवा अंगावर आली. एसीतल्या चष्म्यावर क्षणात धुकं. समुद्र बघायला आलेला मी पहिली पाच मिनिटं शर्टाचं टोकच बघत होतो.

कॉर्निश म्हणजे आपल्या मरीन ड्राइव्हची चंद्रकोर, पण लांबीला जवळजवळ दुप्पट. आम्ही उतरलो इस्लामिक कला संग्रहालयापाशी. शेजारी टॉवर उठून इमारत झाकली जाऊ नये, म्हणून वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी ती समुद्रात मुद्दाम बेट करून बांधायला लावली. पुण्यात फ्लॅट घेताना ही अक्कल मला सुचली नाही.

पाण्यापल्याड वेस्ट बेचे उंच टॉवर झगमगत होते. त्यांच्या टोकाला पिरॅमिडसारखं, १९८२ सालचं हॉटेल.

"तिथवर चालत जाऊ या हो. समोरच तर दिसतंय," ही म्हणाली.

दिसत होतं समोरच. पण मध्ये पाणी, आणि रस्ता त्याला वळसा घालून सात किलोमीटर. घाम पुसत चाललो, तेव्हा कुठे मोती आ करून दाखवणाऱ्या शिंपल्याचं कारंजं आलं. तेल सापडण्याआधी इथली माणसं नाकाला चिमटा लावून मोत्यांसाठी तळाशी बुडी मारायची. मला चिमट्याशिवाय, कोरड्या जमिनीवर गुदमरायला होत होतं. टॉवर मात्र जागचे हलले नव्हते.

तेवढ्यात दिव्यांच्या माळा लावलेल्या लाकडी बोटीवरून हाक आली, "साब, बोट?"

मी बोट करून टॉवर दाखवले. "उधर?"

"हाँ साब, उधर!"

पैसे दिले, बसलो. वारा लागला, घाम वाळला, टॉवर खरोखरच जवळ यायला लागले. हिने त्यांचे चाळीसेक फोटो काढले. मी उतरायच्या तयारीने चपला पायात सरकवल्या. आणि बोट वळली.

"राउंड पूरा, साब!" मघाच्याच धक्क्यावर त्याने हात देऊन आम्हाला उतरवलं.

लेकीचा फोन वाजत होता. "आई, पोचलात का?"

"हो, आता पोचतोच," ही म्हणाली. "समोरच दिसतंय."