बाईची रजा, बिल कुणाच्या नावावर?

‘बाई कामावर घेतली की सहा महिने बसून पगार द्या. त्यापेक्षा पुरुष परवडतो.’ आपल्याकडच्या छोट्या उद्योजकांच्या गप्पांत हे वाक्य ठरलेलं, आणि त्यावरची उत्तरंही. एक जण म्हणतो, बायकांनी एकदाचं ठरवावं, नोकरी की मूल. दुसरा म्हणतो, बाळंतपणाच्या रजेचे 26 आठवडे जरा अतीच झाले, पुन्हा 12 करा. जर्मनीत बसून हे ऐकलं की डोकं फिरतं. गंमत अशी, की त्या उद्योजकाचा हिशेब चुकलेला नाही.

2017 च्या दुरुस्तीपासून दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर पैसे तिथून येतात, नाहीतर मालकाच्या खिशातून. बारा जणांच्या ऑफिसात अकाउंट्स बघणारी रजेवर गेली की तिचा आणि बदलीवरच्या माणसाचा, असे दोन पगार सहा महिने. पन्नास माणसं झाली की पाळणाघर, तेही त्याच खिशातून. मग मुलाखतीत ‘लग्न ठरलंय का?’ हे सहज म्हणून विचारलं जातं.

इथे जर्मनीत मुटरशुट्झ, म्हणजे बाळंतपणाची रजा, आधी सहा आणि नंतर आठ आठवडे. क्रांकनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था, दिवसाला जास्तीत जास्त 13 युरो देते, निव्वळ पगाराएवढी भर मालक घालतो. मग तीच भर मालक कासेकडून पूर्ण परत मिळवतो. त्यासाठी ‘यू-टू’ ही वर्गणी: एकूण पगाराच्या अगदी थोडे टक्के, दर महिन्याला, प्रत्येक मालकाकडून. ज्याच्याकडे नऊ पुरुष प्लंबर आहेत आणि बाई एकही नाही, तोसुद्धा भरतो. बाई टाळून एक सेंटही वाचत नाही. हे शहाणपण फार जुनंही नाही. आधी परतावा फक्त लहान कंपन्यांना होता. त्यामुळे बायकांना नोकरी देताना बाकीच्यांचा हात आखडेल, असं घटना न्यायालयाने 2003 मध्ये बजावलं आणि 2006 पासून तो सगळ्यांना लागू झाला. (अमेरिकेचं नाव मी काढत नाही. तिथे खासगी नोकरीतल्या बाईला संघराज्याच्या कायद्यात पगारी बाळंतपणाची रजाच नाही, मला सोयीचं नाही.)

जर्मनीही काही सोवळी नाही. पश्चिम जर्मनीत 1977 पर्यंत बायकोला घरसंसार सांभाळून जमेल तेवढीच नोकरी करायची कायद्याने मुभा होती. कामावर परतणाऱ्या आईला ‘राबनमुटर’ (पोरं टाकून जाणारी आई) म्हणायला आजही काहींची जीभ वळवळते. आणि स्टॉयरक्लासेचा, म्हणजे पगारातून कर कापायच्या वर्गांचा, घोळ वेगळाच. नवऱ्याचा पगार जास्त म्हणून बायको जास्त कर कापणाऱ्या पाचव्या क्लासमध्ये जाते, हातात कमी पडतं, आणि पुढचं एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळ झाल्यावर आईबापांना मिळणारा सरकारी भत्ता, त्या कमी आकड्यावरच मोजलं जातं. क्लास बदलायचा तर मुटरशुट्झच्या किमान सात महिने आधी, म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आल्या आल्या. इथली आपली मंडळी पेढे वाटतात आणि हा अर्ज विसरतात.

आपल्याकडे ही सगळी कसरत निभते ती आजीवर आणि मावशींवर. मावशी ज्यांच्याकडे मूल सांभाळायला जातात ते घर काही दहा माणसांचं आस्थापन नसतं, म्हणून त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाला 26 आठवडेही नाहीत. ‘फार झाले’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही बाई येतच नाही.

इकडे जर्मनीत किटाचा, म्हणजे पाळणाघराचा, हक्क वर्षाच्या मुलापासून. पण आयनगेव्योनुंग, म्हणजे मुलाला किटाची सवय लावणं, कित्येकदा महिनाभर चालते. पहिले तीन दिवस तासभर, आईबापांपैकी एक जण खोलीतच. चौथ्या दिवशी काही मिनिटांपुरतं बाहेर. मूल रडून शांत झालं नाही तर सगळं पुढे ढकलायचं. कामावर रुजू व्हायची तारीख किटाच्या पहिल्या आठवड्यातली टाकली की घोटाळा झालाच. त्यात किटात सर्दी-ताप आठवडाआड. मग गावाहून आई बोलावली जाते. तिचा व्हिसा नव्वद दिवसांचा. आणि यू-टूची एवढी फुशारकी मारणारे आम्ही तिचं परतीचं तिकीट नव्वदाव्या दिवसाचं काढतो.