शेजाऱ्याचं मत, शेजाऱ्याचं मशीन: ‘एक शेजारी’ यांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. उशीर झाला तो तुमच्या शेवटच्या मुद्द्यामुळे. बाकीच्या मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर होतं, त्याला नव्हतं. तिथपर्यंत येतेच.

ज्यांनी मागचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की घरातली जुनी वस्तू काढायची झाली तर आधी वस्तीत विचारावं, आणि डॉक्टर, शिकवणी, कारागीर, घरमालक यांच्याविषयी मत द्यायचं तर स्वतःच्या अनुभवावरून आणि स्वतःच्या नावानिशी द्यावं. त्यावर तुम्ही लिहिलंत: शेजाऱ्याला वस्तू विकणं म्हणजे जन्मभराची गॅरंटी गळ्यात बांधून घेणं. शेजारी भिडेखातर गोडच बोलतात, त्यापेक्षा हजार अनोळखी लोकांनी ऑनलाइन दिलेले तारे बरे. एखाद्याला काम मिळवून दिलं म्हणून कोणी कमिशन घेतलं तर त्यात गैर काय? आणि शेवटचं: ‘नावानिशी बोला’ हा नियम ज्यांचं बोलल्याने काही बिघडत नाही त्यांच्याच सोयीचा आहे. तुमच्या ताईंचं डिपॉझिट घरमालकाने बुडवलं. आधीच्या भाडेकरूने नुसतं कानात सांगितलं असतं तरी त्या वाचल्या असत्या, पण नाव बाहेर येईल म्हणून तोही गप्प राहिला.

गॅरंटीचं आधी घेते. तुमचा अनुभव खोटा नाही, मलाही तो आला आहे. मुलाची सायकल मी वरच्या मजल्यावर विकली होती. मागचा ब्रेक पुरता लागायचा नाही, आणि आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ते सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा उतारावर पडला. हाड मोडलं नाही, पण दोन्ही गुडघे सोलवटले. पैसे मी परत केले. तरी पुढे कितीतरी दिवस जिन्यात समोरासमोर आलो की त्या मान खाली घालून निघून जायच्या. हेच तर माझं म्हणणं, असं तुम्ही म्हणाल. मला मात्र आजही वाटतं की त्या सायकलीत खोट होती म्हणून त्या दुखावल्या नाहीत. खोट मला ठाऊक होती आणि मी बोलले नाही, म्हणून दुखावल्या.

नंतर वॉशिंग मशीन काढलं. खालच्या मजल्यावरचे काका बघायला आले तेव्हा मी एक मोठी चादर भिजवून एकटीच ड्रममध्ये टाकली आणि स्पिन लावलं. ड्रमने वेग घेतला तसं मशीन धडधडायला लागलं, मग सरकत सरकत फरशीची एक रेघ ओलांडून भिंतीला टेकलं. काकांनी ते हाताने दाबून धरलं. मी म्हटलं, “दोन चादरी टाकल्या की असं होत नाही, भार सारखा बसतो. एकटी टाकली की हे असं चालायला लागतं. आतले शॉक अ‍ॅब्झॉर्बर गेलेत म्हणून मेकॅनिकने सांगितलंय, आम्ही बदलले नाहीत.” हे सगळं कागदावर लिहून दिलं, आजवरच्या दुरुस्त्यांच्या तारखांसकट. आठ दिवस वापरून बघा, नाही पटलं तर परत आणा, त्यानंतर ते तुमचं, हे दोघांनी तोंडाने बोलून घेतलं. भाव अर्थातच पडला. तो कागद काकांनी मशीनच्या पाठीला चिकटवून टाकला. चार महिन्यांनी पाणी बाहेर टाकणारा पंप गेला तेव्हा काका वर आले, पण पैसे मागायला नाही. आमचा मेकॅनिक कोण ते विचारायला.

अनोळखी माणसाला विकलं की मोकळं होता येतं, हे खरं. पण तो मोकळेपणा विकणाऱ्याचा असतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. वस्तूत काय खोट आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांचा भाव पाडून मागतो. त्या भावात चांगली गाडी कोणी काढायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतात त्या बहुतेक खराबच. या विचारासाठी त्यांना २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. वस्तीत हा फास सैल होतो, कारण घेणारा वस्तू चालू असलेली पाहतो, ती कुणी आणि कशी वापरली हे जाणतो आणि विकणारा उद्या कुठे सापडेल हेही त्याला माहीत असतं.

भावावरून मनं दुखावतात, हे मात्र मला मान्य. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये छापलेल्या प्रयोगांत निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले. ज्यांना मग मिळाले त्यांनी विकायला सांगितलेली किंमत, ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. मग सारखेच होते, आणि हातात येऊन फार वेळही झाला नव्हता. तर दहा वर्षं वापरलेल्या कपाटाचं काय होत असेल? म्हणून शेजाऱ्याने कमी भाव सांगितला तर तो आपला अपमान धरू नये.

आता तारे. भिडेबद्दल तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः खरं आहे, पण भीड काही वस्तीतच राहत नाही. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर घेणारे आणि विकणारे एकमेकांना शेरे देत. घेणाऱ्याने वाईट शेरा दिला की विकणारा उलट वाईट शेरा देऊन उट्टं काढी, त्यामुळे घेणारे तोंड मिटून बसू लागले. शेवटी २००८ मध्ये कंपनीने विक्रेत्यांची ग्राहकाला वाईट शेरा देण्याची मुभाच काढून घेतली. ही सगळी माणसं एकमेकांना कधी भेटणारही नव्हती.

आणि हजार तारे म्हणजे हजार जणांची आपापली मतं, असंही नसतं. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये एका बातम्यांच्या संकेतस्थळावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. वाचकांनी लिहिलेल्या काही अभिप्रायांना, मजकूर न बघता, सुरुवातीलाच एक पसंतीचं मत त्यांनी आपल्याकडून टाकून दिलं. तेवढ्यावर त्या अभिप्रायांचे अखेरचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी चढले. पुढच्याने आधीच्याकडे पाहिलं, त्याच्या पुढच्याने त्याच्याकडे.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहिते त्याला कारण आहे. मागच्या लेखात ते सांगण्याचं धैर्य झालं नव्हतं, आज सांगते.

आमच्या भागात गणिताची शिकवणी घेणाऱ्या एक बाई आहेत. त्या मुलांना फार टाकून बोलतात, मुलं रडत घरी येतात, असं मी ऐकलं. एकीकडून नाही, पाच जणींकडून. मग मला कोणी विचारलं की मीही तेच सांगायची, “पाच जणी खोटं कशाला बोलतील?” हे वर. त्या वर्षी चार मुलांनी त्यांची शिकवणी सोडली. त्यातल्या दोघांच्या आयांनी निर्णय घेण्याआधी मला विचारलं होतं.

पुढे एकदा त्या पाचांपैकी तिघी एकत्र भेटल्या आणि विषय निघाला. मी सहज विचारलं, तुझ्या मुलाला काय बोलल्या होत्या गं? तिचा मुलगा तिथे कधी गेलाच नव्हता. तिने दुसरीकडून ऐकलं होतं. दुसरीने तिसरीकडून. मग मी मुद्दाम उरलेल्या दोघींनाही विचारलं. पाचही धागे एकाच घरात जाऊन पोचले. तिथला मुलगा दोनच दिवस शिकवणीला गेला होता, आणि बाईंनी त्याला “पाढे पाठ केल्याशिवाय पुढचं सुचणार नाही” एवढंच म्हटलं होतं. त्याच्या आईने ते रागाच्या भरात एकीला सांगितलं, बाकीचं वाटेत वाढत गेलं. बिखचंदानी, हिर्शलायफर आणि वेल्च यांनी १९९२ मध्ये यावर एक निबंध लिहिला आहे. प्रत्येकजण आधीच्या लोकांकडे बघून शहाणपणानेच ठरवतो, स्वतःजवळची माहिती बाजूला ठेवतो, आणि अशी रांगच्या रांग चुकीच्या बाजूला जाऊ शकते. निबंध मी नंतर वाचला. बाईंच्या दारात त्याआधी जाऊन आले. काय पसरलं होतं आणि त्यात माझा हात किती, ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “चार मुलांचं मी समजू शकले असते. पण एकीनेही येऊन मला विचारलं नाही.” त्या दोन आयांना मी पुन्हा भेटले. एक मुलगी परत गेली, एक नाही गेली.

कमिशनबद्दल माझं मत सरळ आहे. घ्या, पण ते सांगून घ्या. एका गृहस्थांनी आम्हाला रंगारी सुचवला, इतक्या आपुलकीने की आम्ही दुसरा दर विचारलाच नाही. काम बरं झालं. नंतर कळलं की प्रत्येक घरामागे त्यांना रंगाऱ्याकडून काही मिळत होतं. तेवढं आधी म्हणाले असते तर आम्ही आणखी एकाला विचारलं असतं आणि कदाचित त्यालाच काम दिलं असतं. मत विकत दिलं घेतलं जातं तेव्हा ऐकणाऱ्याला ते कळायला हवं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियमच केला. जिन्यातल्या बोलण्यावर कुठला नियम येणार? तिथे आपणच सांगायचं.

आता तुमच्या ताई.

चार दिवस मी या वाक्यापाशी अडले होते, “ज्यांचं बोलल्याने काही बिघडत नाही त्यांच्याच सोयीचा.” मी स्वतःच्या घरात राहते. मला कोणी घर खाली करायला सांगणार नाही. ज्याला पुढचं घर मिळवताना याच वस्तीत चार घरमालकांच्या पाया पडायचं आहे, त्याला मी नावानिशी बोल म्हणून सांगणं हा माझा उद्धटपणाच होता. आणि एखाद्या बाईला दुसरीला सावध करायचं असेल की त्या माणसाच्या घरी एकटी जाऊ नकोस, तर तिच्याकडे नाव, पुरावा काहीही मागू नये. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. तुम्हीही नाव न घालता लिहिलंत, आणि तुमचं म्हणणं मला पटलं ते नावावाचूनच.

मग बाईंचं जे झालं ते टाळायचं कसं? इथे मला नेक्स्टडोअरची गोष्ट उपयोगी पडली. शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून निघालेली ही अमेरिकी सेवा. ओकलंड शहरात तिच्यावर ‘काळा माणूस फिरतोय, संशयास्पद वाटतो’ अशा तऱ्हेचे इशारे यायला लागले, आणि तिथल्या रहिवाशांनीच त्याविरुद्ध आवाज उठवला. २०१६ मध्ये कंपनीने इशारा लिहिण्याचा फॉर्म बदलला. तो माणूस नेमकं करत काय होता ते विचारलं जाऊ लागलं, आणि वंश लिहिला तर कपडे, बूट, केस अशी बाकीची वर्णनंही द्यावी लागू लागली. वंशावरून संशय घेणारे इशारे सुमारे ७५ टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. आकडा कंपनीचा आहे हे धरूनही मला त्यात अर्थ दिसतो. लिहिणाऱ्याला काय पाहिलंस एवढंच विचारलं, आणि ज्याने काहीच पाहिलं नव्हतं त्याला लिहायला काही उरलं नाही.

बाईंबद्दल मला कोणी सांगितलं तेव्हा “कधी, कुणाला, काय शब्द वापरले?” एवढं मी विचारलं असतं तर पहिल्याच पायरीवर थांबले असते. सांगणारीचं नाव तर मला पाचही वेळा माहीत होतं. त्याने काय टळलं?

मागच्या लेखातलं ‘स्वतःच्या नावानिशी’ हे मी आज काढून टाकलं आहे. तिथे आता असं आहे: ‘आपल्यासमोर काय घडलं आणि कधी, ते सांगावं, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणावं, आणि त्यात आपला काही फायदा असेल तर तोही सांगावा.’

ताईंच्या त्या घरात आता कोणी नवे भाडेकरू आले असतील. त्यांना एवढं कळवता आलं तर पाहा: घर कोणत्या महिन्यात सोडलं, किती दिवसांत पैसे देतो म्हणाले होते, कशाकशाचे म्हणून कापले, आणि घरात शिरताना भिंतींचे, नळांचे, ओट्याचे फोटो काढून दोघांनी त्यावर तारीख घातली होती का. ‘मालक वाईट आहे’ एवढंच सांगितलं तर ते घाबरतील आणि तरीही राहतील, कारण सामान लावून झालेलं असतं. हे तपशील मिळाले तर निदान फोटो तरी काढतील. नाव घालायची गरज नाही, चिठ्ठी दाराखालून सरकवली तरी चालेल.